रात्री साडेअकराला पुसलेली चर्चा

२०२५ च्या पावसाळ्यात नाशिकच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर लेण्यांच्या नावावरून वाद पेटला. रात्री साडेअकराच्या सुमारास एका ॲडमिनने दिवसभराचे मेसेज पुसले, दोघांना ग्रुपबाहेर काढलं आणि ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ असं कुलूप लावलं. ग्रुपवर भांडण होणं आणि ॲडमिनने हात फिरवणं यात नवीन काही नाही. तरी हे प्रकरण लिहून ठेवते आहे, कारण या मंडळींनी पुढे एकत्र बसून आपल्या ग्रुपवर नियंत्रण असावं का, असलं तर कोणाचं आणि किती, याचा मुळापासून विचार केला. मी या ग्रुपची सभासद आहे, ॲडमिन नाही. माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ग्रुप सुरू झाला तो वसंत व्याख्यानमालेमुळे. मे महिन्यात गोदाघाटावर व्याख्यान संपलं की लोक घरी जायच्या ऐवजी उभ्या उभ्या बोलत राहतात. त्यातल्या काहींना वाटलं, हे बोलणं वर्षभर चालू ठेवू. बघता बघता तीनशेच्या आसपास माणसं जमली. निवृत्त शिक्षक, वकील, पंचवटीतले एक-दोन गुरुजी, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी मुलं, कॉलेजातल्या प्राध्यापिका, घर सांभाळून वाचन करणाऱ्या बायका. रंगपंचमीच्या रहाडी म्हणजे रंगाचे मोठे हौद, पेशवेकालीन सरकारवाडा, कुसुमाग्रजांच्या कविता, तांबट आळीतलं हरवत चाललेलं काम अशा विषयांवर तिथे खरोखर चांगलं बोलणं व्हायचं. नियम म्हणून वर्णनात एकच ओळ होती: राजकारण, जाहिरात आणि गुड मॉर्निंग नको. चार ॲडमिन होते, आणि ते कसे झाले असं विचारलं तर उत्तर एवढंच, की ग्रुप काढताना त्यांचे नंबर हाताशी होते.

वादाला निमित्त झालं ते सहलीच्या पोस्टरचं. रविवारी सकाळी लेणी बघायला जायचं होतं आणि पोस्टरवर ‘पांडवलेणी’ असं लिहिलं होतं. सातपूरच्या एका तरुणाने सकाळीच लिहिलं, ‘त्रिरश्मी बौद्ध लेणी असं लिहावं ही विनंती.’ हा मुलगा सीएनसी मशीनवर काम करतो आणि सुटीच्या दिवशी धम्मलिपी शिकतो. ब्राह्मीला त्याच्या वर्गात धम्मलिपीच म्हणतात. त्याच्या विनंतीला आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी उत्तर दिलं, की नाशकात पिढ्यान् पिढ्या पांडवलेणीच म्हणतात, लोकांच्या तोंडातलं नाव पोस्टरवर आलं तर बिघडलं कुठे. इथपर्यंत दोघांचंही म्हणणं चर्चेला धरून होतं. लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत याबद्दल अभ्यासकांत दुमत नाही, त्रिरश्मी हे डोंगराचं नाव तिथल्याच शिलालेखांत आहे, आणि १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये ‘पांडु लेणं’ हेच नाव आहे, हेही खरं.

दुपारी कोणीतरी एक फॉरवर्ड टाकला. दोन बाणांचा, म्हणजे कित्येक ग्रुप फिरून आलेला. त्यात म्हटलं होतं की लेण्यांतल्या शिलालेखातच भीम आणि अर्जुनाची नावं आहेत, तेव्हा ती पांडवांचीच. लगेच समोरून आलं, ‘फेक आहे.’ मग आणखी एकाने ठोकून दिलं की सातवाहन राजे बौद्धच होते, वैदिकांचा तिथे संबंधच नाही. संध्याकाळपर्यंत मेसेज इतक्या वेगाने पडत होते, की वर काय लिहिलंय ते कोणी वाचत नव्हतं.

त्या गडबडीत सातपूरच्या मुलाने रात्री नऊच्या सुमारास एक लांब पोस्ट लिहिली. तीन नंबरच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचा स्वतः काढलेला फोटो, त्याखाली अक्षरं लावून केलेलं वाचन आणि मराठी अर्थ. बलश्री ही सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई, आणि लेख तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला. मुलाने लिहिलं होतं, ‘भीम-अर्जुनाची नावं आहेत, फेक म्हणणाऱ्यांनी माफ करा. पण ती कशी आहेत ते बघा.’ शिलालेखात बलश्री आपल्या मुलाचा पराक्रम राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्यासारखा होता असं सांगते. त्याला ‘एकब्राह्मण’ म्हणजे अद्वितीय ब्राह्मण म्हणते, त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असंही म्हणते. आणि त्याच लेखात ते लेणं भदायनीय या बौद्ध पंथाच्या भिक्षुसंघाला दान देते. म्हणजे पांडवांनी लेणी कोरली याला त्या लेखात आधार नाही, आणि सातवाहन बौद्धच होते यालाही नाही. दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी ओळ उचलली होती.

दिवसभरात आलेला सगळ्यांत मोलाचा मजकूर तो होता. त्याला उत्तर म्हणून एका मध्यमवयीन सभासदाने लिहिलं, ‘बाळा, तुझं कष्टाचं काम कर. तुम्ही लोक आता लेणीही सोडणार नाही का?’

यात शिवी नाही. पोलिसांत जाण्यासारखं काही नाही. कोणी यंत्र बसवून वाईट शब्द गाळले असते, तरी हे वाक्य चाळणीतून खाली उतरलं असतं. पण ज्याला ते लागायचं त्याला बरोबर लागलं. तोवर तो एकटा माणूस वाचलेल्या लेखावर बोलत होता. त्या वाक्याने त्याला एका जमातीचा प्रतिनिधी करून उभं केलं आणि त्याच्या वाचनाला उत्तर द्यायची गरजच संपवली. त्याने तितक्याच तिखट भाषेत उलट लिहिलं, त्याच्या एका मित्राने स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर नेला, तिथून तिघे-चौघे लिंकने इथे आले, आणि मग जे व्हायचं ते झालं.

ॲडमिनने पुसलं ते सरसकट. फॉरवर्ड गेला, टोमणे गेले, शिलालेखाचं वाचनही गेलं. काढलेल्या दोघांत सातपूरचा मुलगा होता. ‘तुम्ही लोक’ लिहिणारे गृहस्थ ग्रुपमध्येच राहिले. हे मुद्दाम झालं असं मी म्हणणार नाही. रात्री थकलेल्या माणसाने ज्याचे मेसेज जास्त दिसले त्याला काढलं, इतकंच असेल. पण परिणाम काय झाला? ज्याने अभ्यास करून लिहिलं तो बाहेर, आणि ज्याने त्याला गप्प बसवलं तो आत. व्हॉट्सॲपवर ॲडमिनने मेसेज काढला की कोणी काढला ते दिसतं, का काढला ते दिसत नाही. सकाळी उठल्यावर तीनशे माणसांसमोर पुसलेल्या मेसेजची रांग होती आणि कारणाचा एक शब्द नव्हता.

कुलूप आठवडाभर राहिलं. त्या आठवड्यात जे खासगी फोन झाले त्यांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली. देवळालीच्या एक ताई, ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतात, म्हणाल्या, ‘मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं. म्हटलं, उद्या आपल्यावर घसरतील.’ बलश्रीचा लेख त्यांना पाठ आहे. ज्या दिवशी त्यांची सर्वांत जास्त गरज होती त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत, आणि त्या गप्प बसल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. कोणाचंच नियंत्रण नसलेल्या ग्रुपवर सगळे मोकळे असतात असं म्हणतात, ते म्हणूनच मला पटत नाही. तिथेही नियंत्रण असतं. ते सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाकडे असतं, आणि त्याला कोणी जाब विचारू शकत नाही.

पुढच्या रविवारी सहलीऐवजी बैठक झाली, पंचवटीत एका सभासदाच्या घरी. पंचवीसेक माणसं आली. सातपूरच्या मुलालाही बोलावलं होतं, तो आला आणि जिन्याजवळच्या खुर्चीवर बसला.

सर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी मोकळेपणाची बाजू घेतली, आणि त्यांचं म्हणणं वजनदार होतं. त्यांचा मुद्दा असा की संस्कृतीवरची चर्चा ही वादाशिवाय होतच नाही. आज भांडण नको म्हणून लेण्यांचा विषय बंद कराल, उद्या काळाराम मंदिराचा कराल. याच शहरात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते त्यात वर्षानुवर्षं झुंजले, आणि देवळाचे दरवाजे बंद ठेवले गेले. ‘शांतता राहावी’ या शब्दांमागे किती वेळा दरवाजे बंद झालेत ते नाशिककरांना सांगायला नको, असं ते म्हणाले. माझ्या मते त्या बैठकीतलं ते सर्वांत प्रामाणिक बोलणं होतं, कारण नावाच्या वादात ते दुसऱ्या बाजूला होते.

त्यावर सातपूरचा मुलगा बसूनच म्हणाला, ‘सर, बरोबर आहे. पण त्या दिवशी दरवाजा माझ्यावर बंद झाला. आणि तुम्ही आत होता.’ कोणीच काही बोललं नाही. सर म्हणाले, ‘हो. मी बोलायला हवं होतं.’

एकाने मध्यममार्ग सुचवला: दोन ग्रुप करा. २०२१ च्या डिसेंबरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशकात झालं आणि त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही नाशकातच भरलं. दोन मांडव होते, ज्याला जिथे जायचं तिथे तो गेला, शहराचं काही बिघडलं नाही. मला हा दाखला मनापासून चुकीचा वाटला आणि मी तसं बोलले. वेगळा मांडव हा ज्यांना मुख्य मांडवात आपलं म्हणणं येत नाही असं वाटतं त्यांचा निर्णय असतो. तो त्यांनी घ्यायचा. मुख्य मांडवातल्यांनी उठून ‘तुमचा वेगळा टाका’ म्हणणं ही फार वेगळी गोष्ट आहे. शिवाय अनेकजण त्या वेळी दोन्हीकडे जाऊन आले होते. एका लेण्याबद्दल बोलणारी माणसं दोन ग्रुपांत वाटली, तर दोन्हीकडे फक्त अर्धी ओळ वाचली जाईल.

ॲडमिन मंडळींची अडचण निराळीच होती. त्यांना पोलिसांची धास्ती होती. ‘उद्या कोणी तक्रार केली तर धरतील आम्हाला,’ असं रात्री पुसणाऱ्या दादांनी स्पष्ट सांगितलं, आणि त्यांच्या घाईचं खरं कारण तेच होतं. बैठकीतल्या वकीलबाईंनी तिथे मोठी मदत केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये असा निर्णय दिला आहे, की सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही, त्यात त्याचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत होता हे दिसलं पाहिजे. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही याच दिशेचा निर्णय दिला. ॲडमिनने स्वतः लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी मात्र त्याचीच. वकीलबाईंनी आणखी एक बारीक गोष्ट दाखवली. नागपूरचा निर्णय आला तेव्हा ॲडमिनच्या हातात माणूस घेणं, माणूस काढणं आणि ग्रुपला कुलूप लावणं यापलीकडे फारसं नव्हतं. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याची सोय व्हॉट्सॲपने ॲडमिनला २०२२ मध्ये दिली. अधिकार वाढला की लोक जाबही जास्त विचारणार. तो न्यायालयात विचारला जाईल की नाही हे पुढचं पुढे, पण ग्रुपमध्ये तरी विचारला जायलाच हवा.

मग देवळालीच्या ताईंनी पिशवीतून कागद काढले. बलश्रीच्या लेखाचा पूर्ण मराठी अर्थ त्यांनी छापून आणला होता, आणि दहा नंबरच्या लेण्यातला उषवदाताचाही. तो त्यांनी मोठ्याने वाचायला लावला. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई, म्हणजे ज्या क्षहरात घराण्याचा गौतमीपुत्राने उच्छेद केला त्या घरातला. तो आपण ब्राह्मणांना गाई आणि गावं दिली असं सांगतो, आणि याच डोंगरात भिक्षुसंघासाठी लेणं कोरवल्याचंही सांगतो. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० पाऊण दराने. ठेवीवरच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रं मिळायची. वाचता वाचता सगळे ठेवीच्या हिशेबात गुंतले. विणकरांच्या श्रेणी म्हणजे बँकच की, असं कोणीतरी म्हणालं, दुसऱ्याने गोवर्धन गाव गंगापूरच्या बाजूला आजही आहे याची आठवण दिली. पोस्टरच्या नावाचा वाद तिथे मिटला नाही, पण तो वाद करण्यासाठी आता प्रत्येकाला आधी काहीतरी वाचावं लागणार होतं. चांगलं नियंत्रण म्हणजे काय, हे मला तिथे समोर घडताना दिसलं. ताईंनी कोणाचंही तोंड बंद केलं नाही. त्यांनी पूर्ण लेख टेबलावर ठेवला.

त्या संध्याकाळी जे ठरलं आणि पुढच्या महिन्यांत ज्यात डागडुजी झाली ते असं. ॲडमिनपद कायमचं राहणार नाही. दर पंधरवड्याला दोघंजण समन्वयक होतील, दोघं एवढ्यासाठी की घरकाम, शिफ्ट आणि क्लास सांभाळून कोणी एकटं फोनला चिकटून राहू शकत नाही. मत कितीही न पटणारं असलं तरी ते पुसायचं नाही. पुसायचं ते माणसावरचं, आणि ‘तुम्ही लोक’ छापाचं, म्हणजे समोरच्याच्या मुद्द्याऐवजी त्याच्या जातीला, धर्माला किंवा आडनावाला उद्देशून केलेलं. पुसलं की लगेच ग्रुपवर लिहायचं: कोणाचा मेसेज, कशासाठी काढला, कोणी ठरवलं. ज्याचा मेसेज गेला त्याला दोन दिवसांत दाद मागता येईल, आणि ती ऐकणारे दोघे ॲडमिन नसतील. पुसण्याआधी मजकुराची प्रत ठेवायची. शिलालेख, ताम्रपट, इतिहास यांबद्दल दावा असेल तर पुस्तक आणि पान, किंवा लेण्याच्या नंबरासह फोटो. दोन बाणांचा फॉरवर्ड आला तर टाकणाऱ्याने तो कुठून आला आणि त्यावर स्वतःचं म्हणणं काय, हे लिहायचं, नाहीतर तो निघेल. आणि रात्री दहा ते सकाळी सात ग्रुप बंद. या शेवटच्या नियमाला सगळ्यांत कमी चर्चा लागली आणि फायदा सगळ्यांत जास्त झाला.

मेसेज आधी तपासून मगच ग्रुपवर टाकायचे, ही सूचनाही आली होती. ती बाजूला पडली, आणि पडली ते बरं झालं. तशाने दोन-तीन माणसांच्या आवडीचं मासिक निघालं असतं. चर्चा झाली नसती.

नियमांची खरी परीक्षा वर्षअखेरीला झाली. २०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, उभारायचं आणि त्यासाठी झाडं तोडायची, या प्रस्तावावरून शहरात आंदोलन उभं राहिलं. ग्रुपवर पहिली पोस्ट पडताच त्या पंधरवड्याच्या समन्वयकांनी ती ‘राजकारण’ म्हणून काढली. वर्णनातली ती जुनी ओळ अजून तशीच होती. नियमाप्रमाणे कारण लिहिलं होतं, त्यामुळे दादही लगेच मागितली गेली. तपोवन हा सांस्कृतिक विषय नाही तर दुसरा कोणता, असं लिहिणाऱ्यांत साधुग्रामाच्या बाजूचे होते तसे झाडांच्या बाजूचेही होते. दाद ऐकणाऱ्या दोघांनी पोस्ट परत टाकायला लावली. पुढचे काही दिवस बोलणं तापलं, पण माणसांवर गेलं नाही. पंचवटीतल्या एका गुरुजींनी सिंहस्थातल्या साधूंच्या मुक्कामाची जुनी पद्धत सविस्तर सांगितली, कॉलेजातल्या एका मुलीने झाडांच्या जाती फोटोसह टाकल्या. ‘राजकारण नको’ ही ओळ त्यानंतर वर्णनातून काढली गेली. ज्या ओळीच्या आड नको असलेला कोणताही विषय लोटता येतो, ती नियम म्हणून ठेवण्यात अर्थ नव्हता. तिच्या जागी ‘पक्षाचा प्रचार नको’ असं आलं. तेही पुरेसं नेमकं नाही, निवडणुकीच्या दिवसांत त्यावरून पुन्हा वाद होतील असं मला दिसतंय.

हे सगळं करायला वेळ जातो, आणि तो वेळ बहुतेकदा त्याच सात-आठ जणांचा जातो. समन्वयक व्हायला तरुण पटकन तयार होत नाहीत. बायका तयार होतात, पण त्यांच्या निर्णयावर दाद मागितली जाण्याचं प्रमाण जास्त आहे असं मला जाणवतं, आणि हे मी ग्रुपवरही लिहिलं आहे. व्हॉइस नोटचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. ज्यांना टाइप करणं जड जातं त्यांच्यासाठी ती हवीच, पण पाच मिनिटांच्या नोटमध्ये मधेच आलेलं एखादं वाक्य शोधून त्यावर निर्णय देणं समन्वयकांना झेपत नाही.

सातपूरचा मुलगा ग्रुपमध्ये परत आलेला नाही. लिंक त्याला दोनदा पाठवली. सहलींना येतो, लेण्यांपाशी लोकांना अक्षरं लावायला शिकवतो, ताईंशी त्याचं छान जमतं. मी त्याला सरळ विचारलं तेव्हा म्हणाला, ‘ताई, नियम चांगले केलेत. पण त्या रात्री मला काढलं ते चूक होतं असं ग्रुपवर कोणी लिहिलंय का?’ कोणी लिहिलेलं नाही. बैठकीत सर बोलले, ते पंचवीस माणसांनी ऐकलं. उरलेल्यांच्या लेखी तो अजूनही भांडण केल्यामुळे काढलेला माणूस आहे. त्याच्या पोस्टची प्रतही कोणाकडे नाही, कारण प्रत ठेवायचा नियम नंतर आला. येत्या बैठकीपुढे मी दोन गोष्टी लेखी मांडल्या आहेत: तेव्हाच्या चारही ॲडमिननी मिळून ग्रुपवर दिलगिरी व्यक्त करावी, आणि बलश्रीच्या लेखाचं वाचन त्याच्या नावाने पुन्हा टाकायला त्याची परवानगी मागावी. चारपैकी दोघांनी होकार दिलाय.